डबीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ पायांची चिप : एक छोटा इतिहास

चेन्नईहून पूर्व किनारा रस्त्याने दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर गेले की कोवलम लागते. केरळातले नव्हे, हे तमिळनाडूतले, मच्छीमारांचे आणि अलीकडे लाटांवर फळी चालवणाऱ्यांचे गाव. १७५२ मध्ये क्लाइव्हने इथला किल्ला घेतला, एवढ्यापुरते ते इतिहासाच्या पुस्तकात येते. आपला विषय त्याहून बराच लहान आहे : खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, तो आपल्या सोयीने बदलणे आणि त्यासाठी हत्यारे निवडणे. पण खाऱ्या हवेचे हे गाव लक्षात ठेवा, शेवटी तिथे परत यायचे आहे.

हेडफोन तसा जुना. नॅथॅनियल बाल्डविनने १९१० च्या सुमारास अमेरिकी नौदलाला बिनतारी संदेश ऐकण्यासाठी तो बनवून दिला. १९५८ मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला आणि ते संगीत ऐकण्याचे साधन झाले. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानात विक्रीला आला आणि संगीत घराबाहेर पडले. अडचण इथेच सुरू झाली. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राचा आवाज साध्या हलक्या हेडफोनला पुरतो. ३०० ओहमच्या चांगल्या हेडफोनला त्याचे व्होल्टेज कमी पडते. मध्ये काहीतरी हवे होते.

ते 'काहीतरी' १९९० च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी मांडले. एक ऑप-अ‍ॅम्प, ९ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. आराखडा इतका साधा की तो त्यांच्याच नावाने, 'सीमॉय' म्हणून, जगभर बांधला गेला, बहुधा पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत. आपल्याकडे त्याला कंपासपेटी पुरते.

या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदल करणे इतके लोकप्रिय का झाले, याचे उत्तर मात्र तीस वर्षे मागे आहे. १९६५ मध्ये बॉब विड्लर यांनी फेअरचाइल्डसाठी ७०९ ही चिप रचली. ती चांगली होती, पण बाहेरून जादा सुटे भाग जोडल्याशिवाय स्थिर राहत नसे. १९६८ मध्ये त्याच कंपनीत डेव्हिड फुलागर यांनी ७४१ केली आणि स्थैर्याची सोय चिपच्या आतच आली. नंतर एकाच आठ पायांच्या पुडीत दोन ऑप-अ‍ॅम्प आले : मोटोरोलाची १४५८, रेथिऑनची ४५५८, सिग्नेटिक्सची ५५३२, बर-ब्राउनची २१३४. कंपन्या वेगळ्या, पण पायांची मांडणी एकच. चौथ्या पायाला ऋण पुरवठा, आठव्याला धन. पहिला आणि सातवा पाय आउटपुटचे. त्यामुळे सॉकेटमधली एक चिप उपटून दुसरी बसवता येते. हौशी लोकांचा सगळा उद्योग या एका सवलतीवर उभा आहे.

आणि नेमकी हीच सवलत नवशिक्याला फसवते. पाय सारखे म्हणजे चिप सारखी असे नाही. एक उदाहरण कागदावर सोडवून पाहा.

सीमॉयमध्ये ऑप-अ‍ॅम्पच्या धन इनपुटपासून जमिनीला १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि मूळ आराखड्यात आवाज ११ पट होतो. २१३४ च्या इनपुटला एफईटी असतात. त्यांना लागणारा प्रवाह काही पिकोअ‍ॅम्पियर, म्हणजे आपल्या हिशेबाला शून्यच. आता त्याच सॉकेटमध्ये ५५३२ बसवा. तिच्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांचा प्रवाह साधारण २०० नॅनोअ‍ॅम्पियर. १०० किलोओहमवर त्याचे २० मिलिव्होल्ट होतात, त्याचे ११ पट म्हणजे आउटपुटला सुमारे २२० मिलिव्होल्ट डीसी. ३२ ओहमच्या हेडफोनमधून सतत जवळपास ७ मिलिअ‍ॅम्पियर वाहत राहतील आणि पडदा जागेवरून सरकलेला राहील. गाणे वाजेल, कदाचित छानही वाटेल, आणि कानाला काही कळणार नाही. मीटरला कळेल.

म्हणून हत्यारांच्या यादीत मी मल्टिमीटर पहिला ठेवतो, डाख देण्याच्या इस्त्रीच्याही आधी. चिपवर हजार रुपये घालून मीटर मित्राकडून उसना आणणारे बरेच भेटतात. क्रम उलटा हवा. २०० मिलिव्होल्टची डीसी पट्टी असलेला स्वस्त मीटर या कामाला पुरे.

डाखाची इस्त्री २५ वॉटची, टोक बारीक, आणि प्लग तीन पिनांचा असावा. तिसरी पिन सोडून चालत नाही. अर्थिंग नसलेल्या टोकावरची गळती नाजूक चिपला बाधते. डाख ६०/४० चा, बारीक तारेचा आणि आत रोझिन असलेला घ्या. शिसे नसलेला डाख ३०-३५ अंश जास्त तापमानाला वितळतो. शिकताना तो त्रास नको, पण शिशाच्या डाखानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. डाख ओढणारा पंप, टोकाचा कटर, आणि डबीसाठी हातड्रिल व गोल कानस. यापलीकडचे सगळे नंतर.

हे सामान मिळण्याच्या जागांनाही इतिहास आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नरच्या नावाचा. आज तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग मागायला जाणारा जुनेच नाव घेतो. पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, चेन्नईत माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट. कोवलमच्या बाजूला राहणाऱ्याला ही शेवटचीच जवळ. एक पिढी इथूनच 'बेल'चे बीसी १४८ ट्रान्झिस्टर घेऊन रेडिओ जोडायला शिकली. नकली चिपांचा प्रश्न सगळ्याच बाजारांत आहे. महागडे नाव अगदी स्वस्तात मिळत असेल तर नको म्हणा.

डबी पत्र्याची असेल तर आणखी एक खाच आहे. एकाच बॅटरीचे दोन भाग करून सीमॉय मधला बिंदू 'जमीन' मानतो, आणि हेडफोनच्या जॅकची धातूची मान त्या बिंदूला जोडलेली असते. ती डबीला टेकली की डबीही मधल्या बिंदूवर. आता हौसेने तुम्ही बाहेरच्या पुरवठ्याचा जॅक बसवलात आणि त्याचे ऋण कडे डबीला टेकले, तर अर्धा पुरवठा शॉर्ट झाला. दोन जॅकांपैकी एक प्लॅस्टिकच्या मानेचा घ्या. बदल करणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक माझ्या मते हीच.

आता कोवलम. कथील चढवलेल्या पत्र्याला भोक पाडले की कडेला उघडे लोखंड येते आणि खाऱ्या हवेत ते लवकर गंजते. कडांवर नेलपॉलिश लावा. बोर्डावर उरलेला फ्लक्स दमट हवेत ओल धरतो, आणि १०० किलोओहमच्या टोकाशी तेवढी गळतीही कुरकुर निर्माण करते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी ती जागा धुऊन काढा. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स घरात असला तरी बोर्डाजवळ आणू नका.

चिप बदललीत की हेडफोन न लावता बॅटरी जोडा. जमीन आणि आउटपुट यांमधले डीसी दोन्ही बाजूंना मोजा. आकडा २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आधी जुने, टाकाऊ इअरफोन लावून ऐका. जास्त असेल तर चिप काढा, आणि तीच वापरायची असेल तर १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहम घालून इनपुटचा कपॅसिटर दहापट करा, नाहीतर खालचे सूर कापले जातील. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. तो संपला की डबी उघडून कडा आणि जॅक तपासा, आणि दोन्ही बाजूंचे डीसी पुन्हा मोजा.