आधी बांधणी, मग सजावट

वाचकहो, उर्दू छापखान्यातील कातिब आपणांपैकी कित्येकांना आठवत असतील. मजकूर लेखकाचा, पण मथळा केवढा, ओळींत अंतर किती, हे कातिबाच्या कलमावर अवलंबून असे. संगणकाच्या पडद्यावरील वेब पानाचा इतिहासही अशाच कामवाटणीचा आहे.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. एचटीएमएलच्या खुणांची पहिली यादी १९९१ मधील. तीत जेमतेम दीड डझन खुणा होत्या. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच त्या सांगत. रंगरूपाचे काय? १९९४ साली हॉकोन व्हिउम ली यांनी सजावटीचे नियम वेगळे लिहावेत, असे सुचविले. बर्ट बोस यांच्या साहाय्याने सिद्ध झालेली सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली. कातिबाला त्याची जागा मिळाली! पुढे १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये लेखनाची दिशा नोंदविण्याची सोय आली. उजवीकडून चालणाऱ्या उर्दूला ती मोलाची ठरली.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. म्हणूनच ही विद्या शिकण्यास महागडी सामग्री लागत नाही. साधा संगणक पुरतो. मात्र क्रम चुकवू नये. बांधणी कच्ची असेल, तर सजावट व्यर्थ. आपल्या मुलामुलींनी इतरांची पाने केवळ वाचीत राहावे, की स्वतःचे पान लिहावे, हे आपणच ठरवावयाचे आहे.