आशियाई फुटबॉल आणि गोवा : मैदान सज्ज, शिडी अपुरी

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अवघ्या आठ दिवसांच्या अंतराने दोन आशियाई सामने झाले. १४ रोजी सिंगापूरने भारताला २-१ असे नमविले आणि २०२७ च्या आशिया चषकाची भारताची आशा मावळली. २२ रोजी सौदी अरेबियाच्या अल नासरने एफसी गोवाला त्याच फरकाने हरविले. यजमानांचा एकमेव गोल गोमंतकीय ब्रायसन फर्नांडिसचा होता.

खंडाचे चित्र
आशियाई फुटबॉल महासंघात ४७ सदस्य संघटना आहेत. तगड्या स्पर्धेच्या शोधात ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशेनिया सोडून या महासंघात आला आणि २०१५ मध्ये त्याने आशिया चषक जिंकला. भारताला त्याने २०११ मध्ये ४-०, तर जानेवारी २०२४ मध्ये २-० असे पराभूत केले. २०२६ च्या विश्वचषकासाठी आशियाला आठ थेट जागा मिळाल्या. उझबेकिस्तान व जॉर्डन प्रथमच पात्र ठरले. भारताची वाटचाल मात्र जून २०२४ मध्येच दुसऱ्या फेरीत संपली. महिला संघाने थायलंडला नमवून ऑस्ट्रेलियातील २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्रता मिळविली, हा त्यातला दिलासा.

गोव्याचा वाटा
धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. साळगावकर व चर्चिल ब्रदर्स यांनीही राष्ट्रीय लीग जिंकली. २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. त्यानंतर सर्वोच्च स्तरावर गोव्याचा भार प्रामुख्याने एफसी गोवावर आला. २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. तीन सामने बरोबरीत सोडवून त्याने तीन गुण मिळविले.

उणीव कोठे?
फातोर्ड्यात आशियाई दर्जाचे मैदान आहे. दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ असल्याने परदेशी संघांना पोहोचणेही सोपे आहे. उणीव आहे ती नियमित, चुरशीच्या सामन्यांची. व्यापारी कराराच्या नूतनीकरणाचा पेच न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. परिणामी एफसी गोवाला लीगच्या सरावाविनाच आशियाई संघांशी झुंजावे लागले.

पेडणे वा डिचोलीतील गुणी मुलासाठी गावचे मैदान, गोवा प्रोफेशनल लीग, राष्ट्रीय लीग आणि मग आशिया अशी ही शिडी आहे. वरची पायरी डळमळली की खालच्या पायरीवरील मुलाचा धीर खचतो. राष्ट्रीय लीगमध्ये गोव्याचे अधिक क्लब आणि वेळेवर सुरू होणारा हंगाम, या दोन गोष्टी साधल्या तरच ही वाट रुंदावेल.