लॅम्डा कुठून आला? लाग्रांज आणि गायब झालेल्या बळांची गोष्ट

आजचा एपिसोड ऐकताना आकृती दिसणार नाही म्हणून कुरकुर करू नका. ज्या पुस्तकाबद्दल आपण बोलणार आहोत, त्यातही एकसुद्धा आकृती नाही. लेखकाने प्रस्तावनेतच ते सांगून टाकलंय, आणि जरा ऐटीतच. पुस्तक मेकॅनिक्सचं, साल 1788, गाव पॅरिस, नाव ‘मेकानिक आनालितिक’. लेखक जोसेफ-लुई लाग्रांज.

आधी माझी फजिती सांगतो. बीटेकच्या दुसऱ्या वर्षी पेपरात प्रश्न होता: गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून एक वस्तू घसरते, ती पृष्ठभाग कधी सोडेल? मी खूश. लॅग्रांजियन लिहिला, थीटा हा एकच कोऑर्डिनेट घेतला, झकास समीकरण काढलं. पण माझी वस्तू पृष्ठभाग सोडायलाच तयार नाही! सोडणार कशी? ती कायम चिकटलेली आहे असं मी पहिल्याच ओळीत ठरवून टाकलं होतं. 10 पैकी 2 मार्क. चूक शंभर टक्के माझीच.

पण ही चूक समजून घ्यायला मला थेट अठराव्या शतकात जावं लागलं.

लाग्रांज मूळचा इटलीतल्या तुरीनचा, जन्म 1736. एकोणीस वर्षांचा असताना, 1755 च्या ऑगस्टमध्ये, या पोराने बर्लिनला ऑयलरला पत्र लिहिलं. ऑयलर म्हणजे तेव्हाचा युरोपातला सगळ्यात मोठा गणिती. पत्रात होती ज्याला आपण आज कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स म्हणतो त्याची नवी पद्धत. ऑयलर स्वतः याच विषयावर भूमिती वापरून काम करत होता. त्याने पोराची पाठ थोपटली, आणि पोराचं काम आधी छापून येऊ दे म्हणून स्वतःचं लिखाण मागे ठेवलं. (आमच्या ऑफिसात कोणी दुसऱ्याचा कोड आधी मर्ज होऊ देत नाही, असो.) 1766 मध्ये ऑयलर बर्लिन सोडून गेला आणि त्याच्या जागी लाग्रांज आला.

आता खरा मुद्दा. न्यूटनच्या पद्धतीत प्रत्येक बळ मोजावं लागतं. दोरीचा ताण, जमिनीची रिअॅक्शन, बिजागरीचा रेटा, सगळं. पण ही बळं आधी माहीत नसतात. टेबल पुस्तकाला वर किती ढकलतं? खाली जाऊ नये म्हणून जेवढं लागेल तेवढं. यांना म्हणतात कन्स्ट्रेंट फोर्सेस, म्हणजे बंधनाची बळं.

1743 मध्ये दालांबेरने यातून एक वाट काढली होती, आणि व्हर्च्युअल वर्कची कल्पना त्याच्याही आधीपासून होती. लाग्रांजने दोन्ही एकत्र केल्या. गुळगुळीत पृष्ठभाग नेहमी काटकोनात ढकलतो आणि वस्तू सरकते पृष्ठभागालगत. म्हणजे त्या बळाचं कार्य शून्य. मग हिशोबात घ्यायचंच कशाला? योग्य कोऑर्डिनेट निवडा, बंधनाची बळं आपोआप गायब. आकृतीची गरज संपली ती इथेच.

लाग्रांज इथेच थांबला असता, तर माझ्यासारख्यांचे पेपर कायमचे बुडाले असते. कारण इंजिनिअरला नेमकं तेच गायब झालेलं बळ हवं असतं. झोक्याची साखळी तुटेल का, हे झोका कसा हलतो एवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी साखळीतला ताण लागतो.

म्हणून त्याच पुस्तकात तो दुसरी पद्धत देतो. बंधन आधीच वापरून कोऑर्डिनेट कमी करू नका. उलट वस्तूला कागदावर मोकळी सोडा, आणि बंधनाचं समीकरण एका अनोळखी संख्येने गुणून हिशोबात मिसळा. ही संख्या म्हणजे मल्टिप्लायर, आजचा लॅम्डा. आणि तो नुसती गणिती युक्ती सांगून सुटत नाही. ही पद अगदी बळासारखीच वागतात, बंधनाला काटकोनात, हेही तो समजावून देतो. पुढे कमाल-किमान मूल्यांच्या गणितात मल्टिप्लायर प्रसिद्ध झाला. मशीन लर्निंगवाल्यांना तो तिथूनच माहीत असतो, पण मुळात तो मेकॅनिक्सचा माणूस.

चला, माझा पेपर परत सोडवू. साबणाचा ओला तुकडा धरा, गोटी नको. गोटी गरगर फिरते आणि उत्तर बदलतं. अर्धगोलाची त्रिज्या R. थीटा मोजायचा माथ्यापासून. या वेळी केंद्रापासूनचं अंतर r हाही कोऑर्डिनेट ठेवायचा आणि ‘r बरोबर R’ हे बंधन लॅम्डासकट घालायचं. r च्या समीकरणातून येतं: लॅम्डा म्हणजे mg कॉस थीटा, वजा mR गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. तुकडा माथ्यावर जवळपास स्थिर होता, म्हणून ऊर्जेच्या नियमाने ती वजा होणारी रक्कम 2mg(1 − कॉस थीटा). एकत्र केलं की लॅम्डा = mg(3 कॉस थीटा − 2).

माथ्यावर थीटा शून्य, लॅम्डा mg, म्हणजे पूर्ण वजन. बरोबर. घसरत जाऊ तसा तो कमी होतो आणि कॉस थीटा 2/3 झाला की शून्य. कोन साधारण 48 अंश. म्हणजे तुकडा R च्या एक तृतीयांश खाली आला की हवेत. साबण जड असो की हलका, पृथ्वीवर असो की चंद्रावर, कोन तोच! मला हे अजूनही भारी वाटतं.

पुस्तक मात्र लेखकाच्या वाईट काळात आलं. लाग्रांज 1787 मध्ये पॅरिसला आला तेव्हा त्याचं गणितातलं मनच उडालं होतं. छपाईची जबाबदारी लजांद्रने सांभाळली, आणि छापलेली प्रत दोन वर्षं टेबलावर न उघडता पडून होती असं दलांब्रने त्याच्यावरच्या लेखात नोंदवलंय. नंतर मन परत लागलं. सुधारित आवृत्तीचा पहिला खंड 1811 मध्ये आला, दुसरा 1815 मध्ये. मधे, 1813 च्या एप्रिलमध्ये, लाग्रांज गेला होता.

नोकरीला लागल्यावर एकदा मी सहज ‘ओपन डायनॅमिक्स इंजिन’चा सोर्स कोड चाळत होतो. हे सिम्युलेशनसाठीचं ओपन सोर्स फिजिक्स इंजिन. त्यात एका अॅरेचं नाव चक्क लॅम्डा. प्रत्येक सांध्याचं, प्रत्येक स्पर्शाचं बळ त्यात येऊन बसतं. आणि स्पर्शासाठी खालची मर्यादा शून्य ठेवलेली, कारण लॅम्डा निगेटिव्ह आला तर जमीन वस्तूला खाली ओढतेय असा अर्थ होईल, आणि जमीन काही फेविकॉल नाही. माझ्या उत्तरपत्रिकेत नेमकी तीच एक ओळ नव्हती.