सौर उद्रेक व किरीटातील रेडिओ स्फोट

मुख्यतः सौरज्वाला व द्रव्योत्क्षेप (सीएमई) यांच्यामुळे सूर्याच्या किरीटात, म्हणजे करोनात, निर्माण होणारे तीव्र व अल्पकालीन रेडिओ उत्सर्जन.

कारण : किरीटातील आयनद्रायूची आंदोलन-कंप्रता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. दर घन सेंमी.मध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असल्यास ती सु. ९० मेगाहर्ट्‌झ असते; घनता चौथाईवर आली की कंप्रता निम्मी होते. रेडिओ उत्सर्जन त्या त्या थरातील याच कंप्रतेशी निगडित असते. म्हणून उद्रेकाने उठलेला विक्षोभ जसजसा वर विरळ थरांत जातो, तसतशी त्याची रेडिओ नोंद खालच्या कंप्रतेकडे सरकते. या सरकण्याच्या वेगावरून विक्षोभाचा वेग काढता येतो. त्यासाठी घनतेचे प्रारूप मात्र गृहीत धरावे लागते.

इतिहास : फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारांत आलेला व्यत्यय शत्रूचा नसून सूर्याचा आहे, हे जे. एस. हे यांनी ओळखले. ८ मार्च १९४७ रोजी सिडनी येथे रूबी पेन-स्कॉट, डॉन याब्सली व जॉन बोल्टन यांनी एकच स्फोट २००, १०० व ६० मेगाहर्ट्‌झवर नोंदवला. तो तिन्ही कंप्रतांवर एकाच वेळी न येता याच क्रमाने, मिनिटामिनिटांच्या अंतराने आला. काहीतरी सेकंदाला शेकडो किमी. वेगाने किरीटातून वर जात आहे, असा अर्थ त्यांनी लावला. या विषयाचा पाया हीच नोंद होय. पॉल वाइल्ड व लिंडसे मॅक्रेडी यांनी १९५० मध्ये वर्णपटलेखकाच्या आधारे स्फोटांचे पहिले तीन प्रकार ठरवले. चौथा व पाचवा नंतर जोडले गेले.

प्रकार : तिसऱ्या प्रकाराची नोंद काही सेकंदांतच खाली उतरते, प्रकाशवेगाच्या सु. एकतृतीयांशापर्यंत वेग असलेले इलेक्ट्रॉनांचे झोत तिच्यामागे असतात. दुसऱ्या प्रकाराला मिनिटे लागतात. त्याचे कारण आघात तरंग. हा तरंग ज्वालेच्या स्फोटाने उठतो की द्रव्योत्क्षेपाच्या पुढे रेटला जातो, याविषयी, विशेषतः मीटर तरंगलांबीच्या स्फोटांबाबत, मतभेद आहेत. बहुतेक द्रव्योत्क्षेपांबरोबर दुसऱ्या प्रकाराचा स्फोट आढळत नाही. पहिला प्रकार ज्वालेविनाही दिवसेंदिवस चालू राहू शकतो. चौथा व पाचवा प्रकार अखंड पट्ट्याचे.

भारतीयांचे कार्य : तिसऱ्या प्रकारातील इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय कमानीवरून चढून पुन्हा उतरल्यास नोंद उलट्या ‘यू’सारखी दिसते. हा उपप्रकार ॲलन मॅक्सवेल व गोविंद स्वरूप यांनी टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथील निरीक्षणांवरून १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या कल्याण येथे बसवण्यात आल्या व १९६५ पासून ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याचे वेध घेण्यात आले. महाराष्ट्रातील रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात या सूर्यवेधांनीच झाली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दूरदर्शीनेही सूर्याचे वेध घेतले जातात. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील रेडिओ सूर्यचित्रक १९९७ पासून कार्यरत आहे.

पृथ्वीचे आयनांबर सु. १० मेगाहर्ट्‌झखालील तरंग अडवते. त्यामुळे सूर्यापासून दूर गेलेल्या आघात तरंगांचा माग ‘विंड’ (१९९४) व ‘स्टीरिओ’ (२००६) या अवकाशयानांनी घेतला. भारताच्या आदित्य-एल१ वर (२०२३) या स्फोटांसाठी रेडिओ ग्राही नाही.