उखळीचा सांधा : एका खटखटीचा इतिहास

शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार दिलेले असत. गुडघ्याचा तो बिजागरीचा सांधा, खांद्याचा तो उखळीचा. 'बॉल अँड सॉकेट'साठी 'उखळीचा' हा शब्द योजणाऱ्या अनाम पाठ्यपुस्तककाराला मी मनोमन अनेकदा दाद दिली आहे. हाच सांधा मोटारीतही असतो आणि तोही झिजतो, हे मला फार उशिरा, वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीमुळे कळले. गाडी 1980च्या दशकातली. वडिलांच्या पश्चात ती माझ्याकडे आली तेव्हा गतिरोधकावरून जाताना पुढच्या डाव्या बाजूने एक आवाज येत असे. एका गॅरेजने शॉक अब्सॉर्बर बदलून दिले, बिल घेतले. आवाज होता तसाच राहिला.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीकडे पाहण्याआधी मलाच प्रश्न विचारला. "सर, आवाज खट असा एकदाच येतोय, का खडखड लागून राहतोय?" मी गडबडलो. वर्गात ध्वन्यनुकारी शब्दांवर तासभर बोलणारा मी, मला खट आणि खडखड यांतला भेद सांगता येईना. मिस्त्रींच्या लेखी तो भेद निदानाचा होता. खडखड असेल तर काहीतरी सैल लोंबते आहे, घरघर असेल तर बेअरिंग, कुईकुई असेल तर बुश कोरडे पडले आहे. चाक वळवताना किंवा खड्ड्यात 'खट' असा सुटा, कोरडा ठोका येत असेल, तर पहिला संशय सांध्याचा. मराठीतल्या नादानुकारी शब्दांचा इतका काटेकोर वापर मी समीक्षेतही पाहिलेला नाही.

या सांध्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा, आश्चर्य म्हणजे, वाट वाङ्मयाच्या गल्लीतूनच निघाली.

जुन्या चारचाकी घोडागाडीचा पुढचा आख अखंड असे आणि तो मध्यावरच्या एका जाड खिळ्याभोवती सगळाच्या सगळा फिरे. वळण तीव्र असले की पुढची दोन्ही चाके गाडीच्या पोटाखाली येत, आधार अरुंद होई आणि गाडी कलंडे. 1750च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या इरॅस्मस डार्विन या वैद्याने यावर उपाय सुचवला. आख स्थिर ठेवावा आणि दोन टोकांची चाके आपापल्या खिळ्यावर वळवावीत. हा चार्ल्स डार्विनचा आजोबा. व्यवसायाने वैद्य, पण त्या काळात त्याची कीर्ती कवी म्हणूनही होती. वनस्पतींच्या प्रणयावर त्याने रचलेले दीर्घकाव्य 1789 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना भेटण्यासाठी हा स्थूल माणूस खराब रस्त्यांवरून सतत प्रवास करी, तेव्हा गाडी कलंडणे हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. 1768 साली स्वतःच योजलेल्या एका गाडीतून तो पडला, गुडघ्याची वाटी फुटली आणि पुढे आयुष्यभर तो लंगडत चालला. आपल्या युक्तीचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही.

तीच कल्पना पुढे म्युनिचच्या गेऑर्ग लँकेनस्पर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने स्वतंत्रपणे मांडली आणि 1818 साली लंडनमध्ये तिचे पेटंट निघाले. पेटंट ज्याच्या नावावर निघाले तो रुडॉल्फ अ‍ॅकरमन कारागिराचा प्रतिनिधी होता. त्याचे मूळ शिक्षण गाड्या रेखाटण्याचे होते खरे, पण लंडनमध्ये त्याचे नाव होते ते प्रकाशक म्हणून. रोलँडसनची चित्रे असलेला लंडन शहरावरचा सचित्र ग्रंथ त्याचा, इंग्रजीत वाङ्मयीन वार्षिकांची प्रथा सुरू केली तीही त्याने. (आपल्या दिवाळी अंकांचे हे दूरचे चुलत घराणे म्हणावे काय? अर्थात हा केवळ माझा विनोद.) आज जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत मोटारीच्या सुकाणू-रचनेला अ‍ॅकरमनचे नाव आहे, लँकेनस्पर्गरचे नाही. लेखकाचे नाव पुसले जाऊन प्रकाशकाचे उरावे, याचे इतके ठळक उदाहरण साहित्याच्या इतिहासातही सापडणार नाही.

या रचनेचे मर्म असे. वळताना आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. म्हणून आतले चाक जास्त वळायला हवे. ते साधण्यासाठी दोन्ही चाकांचे बाहू एका दांडीने, टाय रॉडने, जोडावे लागतात. म्हणजे पूर्वी जिथे एकच जाड खिळा होता तिथे आता अनेक नाजूक सांधे आले. गाडी कलंडायची थांबली. त्याची किंमत म्हणून सांधे झिजण्याचा प्रश्न जन्माला आला. कार्ल बेंझची 1886ची मोटार तीनचाकी होती याचे एक कारण हेच, की चार चाकांच्या सुकाणूचा प्रश्न त्याला समाधानकारक सुटला नव्हता. तो त्याने 1893च्या 'व्हिक्टोरिया'त सोडवला.

आपल्याकडच्या बैलगाडीला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. दोन चाके, मध्ये आख, वळायचे ते बैलांनी. जू, आरे, धाव, साटी, खाली टांगलेला वंगणाचा नळा असा सगळा शब्दसंभार मराठीने सांभाळला, पण टाय रॉडच्या टोकाच्या या सांध्याला मराठी नाव कधी मिळाले नाही. 'सुकाणू' हा शब्ददेखील समुद्रावरून, अरबीतून आलेला. गॅरेजमध्ये तर झिजलेल्या सांध्यातल्या मोकळेपणाला सरळ 'प्ले' म्हणतात. "सर, प्ले लई झालाय," असे मिस्त्री म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर क्षणभर शेक्सपिअर तरळून गेला हे कबूल करतो.

हा सांधा कोल्हापूरच्या गॅरेजपर्यंत पोहोचला तो एका आर्थिक धोरणाच्या मार्गाने. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटच्या. 1953 साली टॅरिफ कमिशनने केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना देशी उत्पादन करा, नाहीतर बाहेर पडा असा पर्याय दिला. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. जे राहिले त्यांना भाग इथेच बनवणे भाग पडले. 1964 पासून कुर्ल्यात निघू लागलेली फियाट 1100 'डिलाइट' पुढे पद्मिनी झाली. इटलीत ही मालिका 1969 साली संपली. आपल्याकडे किरकोळ बदलांसह ती त्यानंतर आणखी तीस वर्षे चालली. आपण या जुनाटपणाची थट्टा करत आलो, आणि ती योग्यही आहे. वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला पर्यायच नव्हता. परंतु तोच सांधा तीन पिढ्यांच्या हातांखालून गेल्यामुळे त्याच्याविषयी एक सामूहिक जाणकारी साचत गेली, ही बाजू आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही.

त्या जाणकारीचे प्रात्यक्षिक मी त्या दिवशी पाहिले. मिस्त्रींनी मला स्टिअरिंगवर बसवले आणि चाके जमिनीवरच ठेवून ते थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगितले. स्वतः खाली पडून एकेका सांध्यावर पंजा ठेवला. डोळ्यांना न दिसणारी फट हाताला ठोका होऊन लागते. डाव्या टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाचे रबरी टोपण फाटले होते. पाणी आणि माती आत जाऊन ग्रीस धुऊन गेले होते आणि गोळा उखळीत मोकळा नाचत होता. त्यांनी दुभंगलेली पिन काढली, नट सैल केला. सांध्याचा दांडा निमुळता असतो, म्हणून तो ओढून निघत नाही. बाहूच्या डोळ्याला दोन बाजूंनी दोन हातोड्यांचा एकाच वेळी ठोका दिला, तेव्हा तो टप्पकन निसटला. जुने टोक उलगडताना ते मोठ्याने आटे मोजत होते. नवे टोक तितकेच आटे बसवायचे, म्हणजे चाकांचा रोख फारसा बिघडत नाही. नंतर अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, हेही त्यांनी बजावले.

"पूर्वी नवा मिळायचा नाही," ते सांगत होते. "मग खालचं टोपण उघडून आत पितळी चकती घालायची. पण घट्ट बसली तर स्टिअरिंग माघारी येत नाही. लई घट्ट केला तर मान मोडतीय." मान म्हणजे गोळ्याखालचा दांडा. ती मोडली, किंवा गोळा उखळीतून निसटला, तर एक चाक स्टिअरिंगला जुमानत नाही आणि घाटात त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. म्हणजे ज्या जुगाडाचे आपण हल्ली भाषणांतून कौतुक करतो, त्याची मर्यादा जुगाड करणाऱ्यालाच नेमकी ठाऊक होती. "सांध्याला वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला, तर गाडी तिथनं ढकलत आणा, सर."

आज बहुतेक गाड्यांत हे सांधे कारखान्यातच कायमचे बंद करून येतात. ग्रीस भरायचे निपल नाही, उघडायचे टोपण नाही. झिजला की बदला. ही रचना अधिक सुरक्षित आहे याविषयी मला शंका नाही. मात्र सांधा उघडूनच ज्यांना तो कळत गेला, त्यांच्या ज्ञानाची नोंद कुठेही झालेली नाही. कारखानदारांची चरित्रे आहेत, कामगार चळवळीचा इतिहास आहे, आपल्या ग्रामीण-दलित आत्मकथनांत कितीतरी व्यवसायांचे तपशील आहेत. गॅरेजमधल्या माणसाचे आत्मकथन निदान माझ्या वाचनात आलेले नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची अखेरची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून हळहळीचे रकाने आले. त्या रकान्यांत गाडी होती, टॅक्सीवाले होते, चित्रपट होते. तिच्याखाली पडून पंजाने फट ओळखणारे हात मला त्यांत दिसले नाहीत.

माझ्या गाडीचा आवाज गेला. पैसे देताना मी मिस्त्रींना विचारले, हे कुणाला शिकवताय की नाही? मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, म्हणाले. मग जुने टोक त्यांनी माझ्या हातावर ठेवले. गोळा बोटाने हलवून पाहिला, तर तो उखळीत आपटून अगदी बारीक 'खट' असा वाजला.