चौघांनीं वसविलेलें गांव

मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांत परसवाडा नांवाचें पठार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें पहिलीं गांवें वसविलीं तीं लछमन नाईकानें, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरांत सांपडते. जंगल साफ करणारे व नांगर धरणारे हात पुष्कळ असले पाहिजेत. पण नांव उरलें तें एकाचेंच. इतिहासाची ही नेहमींची रीत आहे. म्हणूनच गोमंतकाच्या एका जुन्या कागदाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें जिंकलें. पुढें १५२६ सालीं आफोंसु मेशिय या त्यांच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यानें तिसवाडींतील गांवांच्या चालीरीती लिहून घेतल्या. गांवें कशीं झालीं, याचें उत्तर त्यांत असें आहे, कीं पूर्वीं चार माणसें एका ओसाड बेटावर आलीं, त्यांनीं जमीन लागवडीस आणली व उत्तम व्यवस्था लावली, तेच गांवकार. गांवकार म्हणजे कारभार पाहणारा, सांभाळ करणारा व हित साधणारा, असा अर्थही तेथें दिला आहे. चौघांपैकीं थोरला कोण, हें मात्र सांगितलेलें नाहीं.

या व्यवस्थेचें मूळ आम्हांस तेथल्या मातींत दिसतें. गोव्यांतील खाजन जमिनी भरतीच्या पाण्याच्या पातळीखालीं असतात. बांध व मानशीचीं दारें खारें पाणी अडवितात. बांध एका ठिकाणीं फुटला कीं सगळ्यांचीं शेतें नासतात. जें संकट सर्वांवर सारखेंच येतें, त्याची राखण एकावर सोंपवून भागत नाहीं. म्हणून जमीन गांवाची, सारा गांवानें मिळून भरावयाचा, हिशेब कुळकर्ण्यानें ठेवावयाचा, आणि निर्णय वांगडांच्या संमतीनें व्हावयाचा, अशी पद्धत पडली. यांत विलंब होई व भांडणेंही होत. पण एकदां ठरलें कीं तें सर्वांचें असे.

या पद्धतीची खरी कसोटी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लागली. देवळें पाडलीं जाऊं लागलीं. तेव्हां कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास व वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. हा मुलूख तेव्हां पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. मूर्ति कोणीं उचलल्या, नदी पार करतांना होडी कोणीं हांकली, हें आज कोणास सांगतां येत नाहीं. आम्हांस यांत उणीव वाटत नाहीं. एकच धुरीण असता, तर त्याला धरल्यानें काम थांबलें असतें. भार अनेक खांद्यांवर होता, म्हणून गांव सुटलें तरी देव सुटला नाहीं. आणि महाजनांनीं नव्या जागीं पूजाअर्चा, उत्सव व हिशेब पुन्हां उभे केले.

पण पूर्वजांची थोरवी गातांना त्यांचा दोष झांकणें योग्य नव्हे. गांवकारी व महाजनकी जन्मानें मिळे, तीही पुरुषांनाच. बांधावर माती टाकणाऱ्या व देवळांत सेवा करणाऱ्या कित्येकांना बैठकींत स्थान नव्हतें. वांटून घेतलेलें नेतृत्व दार लावून बसलें, म्हणजे तें नेतृत्व न राहतां वतन होतें. चौघांनीं कारभार वांटून घेतला खरा, पण पांचव्याला मात्र आंत घेतलें नाहीं.

गोव्यांतील देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या नियमावलीनुसार निवडलेल्या समित्या पाहतात. त्यांतील प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें : उद्यां आपण नसलों, तर किल्ली कोठें आहे व हिशेब कसा लिहिला आहे, हें आणखी कितीजणांस ठाऊक आहे? परसवाड्याच्या नायकाचें नांव राहिलें, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्यांचीं नांवें राहिलीं नाहींत, त्यांचें काम आपण दर सायंकाळीं आरतीच्या वेळीं डोळ्यांनीं पाहत असतों.