नवरीचा तपकिरी झगा

इंग्लंडमधल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात मी जुन्या कपड्यांच्या नोंदी करायला जात असे. तिथे एक तपकिरी रेशमी झगा हाती आला. 'बाहेर जायचा पोशाख, सुमारे १८७०' असं लिहून मी मोकळी झाले. नंतर खोक्याच्या तळाशी चिठ्ठी सापडली: 'पणजीचा लग्नातला झगा.'

व्हिक्टोरियन नवरी म्हणजे पांढरी, हे मी धरूनच चालले होते. राणीनं १० फेब्रुवारी १८४०ला लग्नात पांढरं सॅटिन नेसवून घेतलं, हे खरं. रेशीम स्पिटलफील्ड्सचं, लेस डेव्हनच्या बायकांनी हातानं विणलेली. देशी कारागिरांना काम मिळावं हाही हेतू होता. पण कोळशाच्या काजळीत वावरणाऱ्या साध्या बाईला तोच झगा पुढे कित्येक वर्षं रविवारी चर्चला घालायचा असे. म्हणून मग तपकिरी, निळा, करडा. १८५६मध्ये पर्किनला डांबरापासून जांभळा रंग सापडल्यावर तर भडक जांभळेही आले.

फोटो पाहावेत, तर तेही फसवतात. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन दाद देत, तांबड्याला जवळजवळ नाहीच. फिकट निळा झगा त्यात पांढरा दिसतो आणि लाल झगा सुतकातल्यासारखा काळा.

चिठ्ठीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. घरच्या आठवणीत आजीची पणजी सहज होते. म्हणून झगा उलटा केला. जुना कपडा वाचायचा तो आतून. शिवणीत दडलेल्या पट्टीला ऊन लागत नाही. तिथला रंग चांगला गडद, लालसर होता. म्हणजे मी ज्याला तपकिरी म्हणत होते तो नवरीचा रंग नव्हताच! लांब शिवणी मशीनच्या, बाकी टाके हाताचे. मागे फुगवट्यासाठी जास्तीचं कापड. काळ जुळत होता. कमरेच्या शिवणी दोनदा उसवून सैल केलेल्या, जुन्या टाक्यांची भोकं रांगेनं तशीच. बहुधा बाळंतपणं. काखेत घामाचे डाग, खालच्या काठाची फीत नवी.

पांढरे झगे जपून पेटीत ठेवले गेले, म्हणून टिकले. रंगीत वापरून संपले. जे उरले त्यांच्यावर माझ्यासारख्यांनी 'बाहेर जायचा पोशाख' असं लिहिलं.

नोंद दुरुस्त केली. मग आधी नोंदवलेले सगळे रंगीत झगे पुन्हा काढून बसले. एकाही खोक्यात चिठ्ठी नव्हती.